लसीकरण : पालकांचे आद्य कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. आमचे आयुष्य शिक्षकी पेशात गेले. तेव्हा विद्येचे महत्त्व सांगावे, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु विद्येच्याही आधी मूल जगावे लागते. म्हणून आज लसीकरणाविषयी बोलण्याचे योजिले आहे.

आपल्या देशात देवीची पहिली लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. त्या काळी लस टिकविण्याचे साधन नव्हते. तिच्या दंडावरील फोडातील द्रव इतर मुलांस टोचून, अशा रीतीने दंडादंडावरून ती लस अन्य शहरांत पोहोचली. त्या कार्याची सांगता होण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. मे १९७५ नंतर भारतात देवीची लागण झाली नाही आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त जाहीर झाले. पोलिओचेही तसेच. जानेवारी २०११ मधील रुग्णानंतर नैसर्गिक पोलिओ आपल्या देशात आढळला नाही.

तथापि गोवर अद्याप गेलेला नाही. पुष्कळ पालक त्यास किरकोळ समजतात. आमच्या बालपणी, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, गोवराची लस आपल्याकडे नव्हती. आम्ही सहा वर्षांचे असता आम्हांस व आमच्या धाकट्या बहिणीस एकाच आठवड्यात गोवर निघाला. दारास कडुनिंबाचे डहाळे लागले, स्वयंपाकात फोडणी बंद झाली. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना ठाऊक होते ते सर्व श्रद्धेने केले. पुरळ मावळले, पण दोघांच्याही छातीत कफ दाटून न्यूमोनिया झाला. आम्ही महिनाभराने उठलो. ती उठली नाही. त्या घरात माया कमी नव्हती, लस नव्हती.

आज ती उणीव नाही. १९८५ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस समाविष्ट आहे. आमच्या नोकरीच्या आरंभी फाल्गुन-चैत्रात वर्गातील दोन-चार मुले गोवराने घरी असत. पुढे पुढे ते क्वचितच घडू लागले. परंतु रोग दिसेनासा झाला की त्याची भीती जाते, आणि भीतीबरोबर दक्षताही जाते. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ उसळली आणि त्यात बालके दगावली. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. त्यामुळे शंभरांतील किमान पंच्याण्णव मुलांस दोन्ही मात्रा मिळाल्या तरच साथ रोखली जाते. ज्या तान्ह्या बालकांचे लस घेण्याचे वय झालेले नाही, त्यांचे रक्षण इतरांच्या लसीनेच होते.

गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, एक वर्षाच्या आत द्यावयाची; दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. पहिल्या मात्रेने काही बालकांत प्रतिकारशक्ती उत्पन्न होत नाही, म्हणून दुसरी आवश्यक. मूल धडधाकट दिसते, किंवा कुटुंब कामधंद्यासाठी परगावी जाते, म्हणून नेमकी तीच राहून जाते. राहिली असल्यास पाचव्या वर्षापर्यंत ती देता येते. लस दिल्यावर एखादा दिवस ताप आला तरी घाबरू नये. आपल्या नागपुरात मेयो, मेडिकल, डागा रुग्णालय आणि महानगरपालिकेची आरोग्य केंद्रे येथे ही लस विनामूल्य मिळते.

मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षीच्या संमेलनात गुणपत्रिकांबरोबर लहान मुलांची लसीकरणाची कार्डेही पाहावी आणि ज्यांची मात्रा राहिली असेल, त्यांस कार्यकर्त्यांनी केंद्रावर न्यावे. मुलगा असो वा मुलगी, भेद करू नये. आपण जमलेल्या माताभगिनींनी आज घरी गेल्यावर कपाटातील ते कार्ड काढून पाहावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.