मुलांचे चाकू

संग्राहक म्हटला कीं नाणीं, टपालाचीं तिकिटें, हस्तलिखितें, फार तर जुनीं घड्याळें, एवढ्याच वस्तु सामान्यतः डोळ्यांपुढें येतात. शाळकरी मुलाच्या खिशांत मावणारा, दोन-अडीच इंच पात्याचा, घडीचा चाकू जपून ठेवण्याजोगा आहे असें आपल्याकडे कोणास सहसा वाटत नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंत मात्र हा छंद चांगलाच रुजलेला असून, मुलांसाठीं म्हणून मुद्दाम घडविलेले जुने चाकू तेथें कसोशीनें जमविले जातात. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, या शहराच्या रहिवाशाला तर या छंदाचा विचार करण्यास एक खास कारण आहे. चाकू आणि शिकणारा मुलगा यांचा संबंध या प्रदेशांत विलायती चाकू आगबोटीनें येऊं लागण्याच्या पुष्कळ आधींचा आहे.

तो संबंध लेखणीचा. बोरूनें लिहिणाऱ्यास चाकूवांचून गत्यंतर नव्हतें. बोरूचें टोक तासावयाचें, मध्यें बारीक चीर द्यावयाची, आणि अखेरीस टोक एका झटक्यासरशी तिरपें छाटावयाचें, हा क्रम. तो शेवटचा काप साधला नाहीं तर मुलानें कित्ता कितीहि गिरविला तरी अक्षरास वळण येत नसे. लिपी बदलली कीं त्या कापाचा तिरपेपणाहि बदलावा लागे. औरंगाबादेंत मोडी व बालबोध लिहिणारे आणि नस्तालीक लिहिणारे हे दोघेहि नांदत असल्यामुळें दोन्ही तऱ्हेच्या लेखण्या येथें घडत. दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यान असलेलें कागजीपुरा हें गांव हातकागदासाठीं प्रसिद्धच आहे. कागद, शाई, लेखणी यांच्या जोडीनें चाकू हें लेखनाचें चौथें साधन होतें. फारसी जाणणारे त्यास कलमतराश म्हणत, आणि श्रीमंत मुनशीच्या कलमदानांत त्याच्या शेजारीं, टोक छाटतांना खालीं धरण्याची हस्तिदंती पट्टीहि असे. साध्या घरांत तेंच काम लाकडाच्या ढलपीवर भागे. विलायतेंतहि गोष्ट निराळी नव्हती. पिसाची लेखणी तासण्यासाठीं जो लहानसा चाकू लागे, त्यावरूनच खिशांतल्या चाकूला तिकडे ‘पेननाइफ’ हें नांव पडलें. पिसें गेलीं, टांक आले, टांकहि गेले. नांव मात्र राहिलें.

येथें एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. दक्षिणेंत मुशींत तयार होणारें ‘वुट्झ’ नांवाचें पोलाद अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटींत पोंचलें. जॉर्ज पिअर्सन या रसायनशास्त्रज्ञानें १७९५ सालीं त्यावर निबंध वाचला. त्या निमित्तानें जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिरानें त्या पोलादाचें काय घडवून पाहिलें असेल? तरवार नव्हे, खंजीरहि नव्हे, तर लेखणी तासण्याचा चाकू. आणि त्याची धार उत्तम पोलादाच्या तोडीची असल्याचें त्या निबंधांत नमूद झालें. पुढें याच स्टोडार्टनें मायकेल फॅरडेच्या सहकार्यानें हें पोलाद विलायतेंत तयार करण्याचे प्रयोग केले. अशा पोलादाच्या नामांकित केंद्रांपैकीं कोनसमुद्रम् हें गांव निजामाच्या राज्यांत, म्हणजे त्या काळीं औरंगाबाद ज्या राज्यांत होतें त्याच राज्यांत होतें. आपले लोक तरवारीच्या गोष्टी रंगवून सांगतात. या चाकूची गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं.

मुलांसाठीं कारखान्यांत घडविलेल्या चाकूंचा इतिहास अर्थातच मुख्यत्वें शेफील्डचा आहे. तेथील चाकूकारांची कंपनी १६२४ सालीं कायद्यानें स्थापन झाली. ‘बार्लो’ या नांवाचा एक ओबडधोबड, स्वस्त, एक-दोन पात्यांचा चाकू तेथेंच जन्मास आला आणि अमेरिकेंत पोरांचा अत्यंत आवडता झाला. मार्क ट्वेनच्या ‘टॉम सॉयर’ या १८७६ सालच्या कादंबरींत बायबलमधील वचनें पाठ केल्याबद्दल टॉमला साडेबारा सेंटांचा नवा बार्लो मिळतो, व त्याचा आनंद गगनांत मावत नाहीं. स्वित्झर्लंडांत कार्ल एल्सेनरनें १८९१ पासून सैनिकांना चाकू पुरविले हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण त्याच सुमारास त्यानें विद्यार्थ्यांचा चाकू, कॅडेटांचा चाकू, शेतकऱ्याचा चाकू असे निरनिराळे नमुनेहि काढले होते, हें थोड्यांस ठाऊक असतें. पुढें बेडन-पॉवेलचें ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ १९०८ सालीं निघालें आणि चाकूचें भाग्य उजळलें. अमेरिकन बालवीर संघाचा पहिला अधिकृत चाकू १९११ सालीं न्यूयॉर्क नाइफ कंपनीनें तयार केला. संग्राहकांत आज बालवीरांच्या चाकूंचाच वर्ग सर्वांत मोठा असावा. आपल्या देशांत बालवीरांचें पहिलें पथक १९०९ सालीं बंगळूरास निघालें. पण तें युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेंच होतें. देशी मुलांसाठीं पुढें निरनिराळ्या संस्था निघाल्या, व ७ नोव्हेंबर १९५० रोजीं त्या सर्व एकत्र होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली.

असा एखादा चाकू हातीं आला तर तो वाचावा कसा? पातें उघडून त्याच्या बुडाशीं, म्हणजे मुठीला लागून असलेल्या चपट्या भागावर पाहावें. कारखान्याचा शिक्का तेथें असतो. जोसेफ रॉजर्स आणि सन्स या शेफील्डच्या पेढीचे चाकू हिंदुस्थानांत फार खपत. त्यांवर तारा आणि माल्टी क्रूस हीं चिन्हें असतात, व त्या चिन्हांची नोंद १६८२ सालची आहे. मुकुटाच्या दोहों बाजूंस ‘व्ही’ व ‘आर’ हीं अक्षरें असलीं तर चाकू १९०१ पूर्वींचा, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळचा. ‘ई’ व ‘आर’ असलीं तर तो १९०१ ते १९१० या दरम्यानचा. ‘जी’ असेल तर मात्र पंचाईत. कारण जॉर्ज नांवाचे राजे लागोपाठ नसले तरी एकाच पिढीच्या काळांत दोन झाले. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरें तर मोठी गमतीचीं आहेत. सोलिंगेनचा स्वस्त माल शेफील्डच्या नांवावर खपतो, ही इंग्रज कारागिरांची तक्रार होती. म्हणून १८८७ च्या कायद्यानें परक्या मालावर त्याचें खरें मूळ छापणें भाग पाडलें. हिंदुस्थानांत तसाच कायदा १८८९ सालीं झाला. नांवें ठेवण्यासाठीं मारलेला तो शिक्का पुढें मालाची शिफारस ठरला! पातें न गंजणाऱ्या पोलादाचें असेल तर चाकू १९१३ नंतरचा समजावा. कारण शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनें तें पोलाद त्या वर्षीं काढलें.

मग पातें हळूच उघडून मिटून पाहावें. पाठीमागची कमान जोरदार असेल तर पातें उघडतांना व मिटतांना स्पष्ट ‘टक्’ असा आवाज होतो. पातें डुलत असेल तर रिबीट झिजली आहे असें समजावें.

मुलांचे चाकू मुबलक होते तर आज ते इतके थोडे कां? कारण ते वापरले गेले. विटी तासणें, कैरी कापणें, गलोलीसाठीं फांदी छाटणें, पेन्सिलीला टोक करणें, असल्या कामांत पातें झिजत जाई. शिकलगारानें दरवेळीं थोडें पोलाद नेलें, कीं अखेरीस काडीएवढें पातें उरे. उरला तो चाकू रद्दीच्या लोखंडांत जाई. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयांत जहांगीर बादशहाचा खंजीर आहे, नूरजहानची फळें कापण्याची सुरी आहे, आणि त्या पाहण्यासाठीं दुरून लोक येतात. तें योग्यच आहे. परंतु बादशहाचा खंजीर कोणी ना कोणी राखणारच होतें. दोन आण्यांच्या चाकूला वाली कोण? पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनीं अडकित्ते, दिवे, दौती, घरगुती भांडीं अशा वस्तु आयुष्यभर गोळा केल्या व त्या संग्रहास बालपणींच वारलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव दिलें, तेव्हां घरगुती वस्तूंतहि इतिहास असतो हें महाराष्ट्राला प्रथम पटलें. मुलाच्या खिशांतला चाकू त्याच जातीचा. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारांत पान्हे, कुलुपें, मोडक्या कात्र्या यांच्या ढिगांत तो शोधावा लागतो, आणि विकणाराला त्याचें मोल लोखंडाच्या वजनापलीकडे माहीत नसतें.

नव्या संग्राहकाच्या हातून होणारें मोठें नुकसान म्हणजे पॉलिश. चाकू घरीं आणला कीं तो शिकलगाराच्या चाकावर धरतात; पातें लखलखतें, आणि ज्यावरून काळ ठरावयाचा तो शिक्काच नाहींसा होतो. तांबडा गंज तेलाच्या बोळ्यानें सावकाश काढावा. पोलादावरचा जुना करडा-काळा थर मात्र तसाच ठेवावा. तो पुढील गंज आवरतो. धार पुन्हां लावूं नये. ज्या मुलानें ती शेवटची लावली त्याचा हात त्या पात्याच्या आकारांत असतो.

आयांचा प्रश्न वेगळा असतो: मुलाच्या हातीं चाकू द्यावा कां? पूर्वीं बोट कापलें तर हळद भरून पोर पुन्हां विटी तासावयास बसे. आज शाळा चाकू आणूं देत नाहींत, आणि शेंकडों मुलांच्या वर्गांचा विचार करतां तें समजण्यासारखें आहे. फ्रान्समधील ओपिनेल कारखाना तर मुलांसाठीं बोथट, गोल टोंकाचे चाकू करतो. घरांत वडील माणसाच्या नजरेखालीं भाजी चिरावयास असा चाकू देण्यास हरकत नसावी. कायद्याची भीति संग्राहकानें बाळगण्याचें कारण नाहीं. शस्त्रास्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, व त्यांतूनहि घरकाम व शेती यांचीं हत्यारें वगळलेलीं आहेत. मुठीची बाब मात्र नाजूक आहे. शेफील्डच्या उंची चाकूंच्या मुठी हिंदुस्थानांतून गेलेल्या सांबराच्या शिंगांच्या असत, कांहीं हस्तिदंताच्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर कडक निर्बंध आहेत. तेव्हां मूठ कशाची आहे हें ठरल्याशिवाय व्यवहार करूं नये.

रंगीबेरंगी मुठी बहुधा सेल्युलॉइडच्या. मुलांना त्या आवडत आणि त्या स्वस्तहि पडत. पण जुनें सेल्युलॉइड कुजूं लागलें म्हणजे त्यांतून आम्ल वाफा निघतात, आणि त्याच पेटींतल्या शेजारच्या चाकूंचीं पातीं गंजवून टाकतात. असे चाकू निराळे, हवेशीर जागीं ठेवावे. कातडी म्यानांत कोणताच चाकू ठेवूं नये, कारण कातडें ओल धरतें. आपल्याकडील पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां पात्याला व सांध्याला पातळ तेलाचा एक थेंब पुरे होतो. आणि प्रत्येक चाकूबरोबर एक चिठ्ठी असावी: कोठें मिळाला, कोणत्या दिवशीं, कोणाच्या घरचा, आणि विकणाराला आठवत असेल तर, त्यानें काय कापलें जाई.