मैदानावरचा शिक्षक
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



"खेळून का कुठे पोट भरते?" हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. त्याला उत्तर म्हणून आज एका शिक्षकाची हकीकत सांगतो.

1956 पर्यंत आपली परभणी हैदराबाद राज्यात होती. त्या हैदराबादेत 1909 साली सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असता ते विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळत. पदवीनंतर ते शाळेत शिक्षक झाले. शारीरिक शिक्षणाची पदविकाही त्यांनी घेतली. खेळासाठी त्यांनी अभ्यास सोडला नाही आणि नोकरीसाठी खेळ सोडला नाही.

1950 पासून अखेरपर्यंत ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. या संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक 1950 ते 1954 अशी सलग 5 वर्षे जिंकला. रहीमसाहेबांच्याच हाताखाली भारताने 1951 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवून पुढे चौथे आलो.

त्यांची शिकवण्याची रीत पाहा. खेळाडूंनी केवळ आपल्या कमजोर पायानेच खेळावे, असे सामने ते भरवीत. आपली मुले मात्र नेमका कच्चा विषय टाळतात आणि आपणही "त्याला ते जमत नाही" म्हणून मोकळे होतो. पालकहो, कच्च्या पायालाच सराव अधिक हवा!

1962 साली जकार्ता येथे जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले. रहीमसाहेबांनी त्या बचावपटूला आघाडीवर खेळविले. अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला आणि भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे नमविले. त्या वेळी स्वतः रहीमसाहेबांना कर्करोगाने गाठले होते. 11 जून 1963 रोजी त्यांचा इंतकाल झाला. आशियाई स्पर्धेतील ते सुवर्ण भारताच्या पुरुष संघाला पुन्हा मिळालेले नाही. 2024 साली त्यांच्यावर 'मैदान' हा चित्रपट निघाला, तेव्हा कुठे अनेकांना त्यांचे नाव कळले.

विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येक जण काही मोठा खेळाडू होणार नाही. पण खेळ थांबल्यावरही शिकविण्याचे, घडविण्याचे काम उरतेच. पालकहो, मुलांना आणि मुलींनाही रोज तासभर मैदान द्या. मात्र दुखापत झालेल्या मुलाला डॉक्टरांना दाखविल्यावाचून खेळायला पाठवू नका. पुस्तक आणि चेंडू यांचे वैर नाही, हे रहीमसाहेबांनी आयुष्यभर दाखवून दिले.

खुदा हाफिज.