आपत्तीचा नकाशा आणि स्त्रिया



वादळ स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही, अशी आपली समजूत असते. परंतु १९९१ साली बांगलादेशात आलेल्या चक्रीवादळात सुमारे १,४०,००० माणसे दगावली. २० ते ४४ वयोगटात दर हजारी पुरुष १५, तर स्त्रिया ७१. धोक्याची सूचना बाजारपेठेत पुरुषांच्या कानी पडली. अनेक स्त्रिया मुलाबाळांसह घरधन्याची वाट पाहत घरीच थांबल्या. पुढे निवारे वाढले, स्वयंसेविका दारोदार जाऊ लागल्या आणि ही तफावत पुष्कळ घटली.

हवामानबदलाने अरबी समुद्रही तापत आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाचा तडाखा गोव्याला बसला. म्हणून गावाच्या आपत्ती-नकाशात केवळ सखल जागा दाखवून भागणार नाही. सूचना कोणत्या घरच्या स्त्रियांपर्यंत पोचत नाही, निवाऱ्यात त्यांची सोय काय, याचीही नोंद महिला मंडळास विचारून व्हावी, ही विनंती.