धुराडी, बायका आणि निळे आकाश : किताक्यूशूचा फेरफटका

जपान पाहून आलेला मनुष्य बहुधा तोक्योची गर्दी, क्योतोची देवळे आणि फुजी पर्वत या तीन गोष्टींविषयी भरभरून बोलतो. त्यात गैर असे काहीच नाही. परंतु ज्यांचे आयुष्य भिलाईसारख्या पोलादनगरीत चालले आहे, मोहन नगरसारख्या वस्तीत राहून ज्यांच्या घरातले वा शेजारचे कोणी ना कोणी कारखान्याच्या पाळीवर जाते-येते, त्यांनी जपानला गेल्यावर आणखी एक शहर अवश्य पाहावे. त्याचे नाव किताक्यूशू.

क्यूशू बेटाच्या उत्तर टोकाला वसलेल्या या शहराची लोकवस्ती सुमारे नऊ लाख आहे. मोजी, कोकुरा, तोबाता, यावाता आणि वाकामात्सू ही पाच गावे १० फेब्रुवारी १९६३ रोजी एकत्र करून हे शहर निर्माण झाले. तोक्योहून अतिवेगवान शिनकान्सेन गाडीत बसले की सुमारे पावणेपाच तासांत कोकुरा स्थानक येते, आणि हाकाता येथून तर पाव तासाचाच प्रवास आहे.

या शहराशी आपले नाते काय, असे कोणी विचारील. ते नाते लोखंडाचे आहे. गोव्याच्या खाणींतले तांबडे खनिज मुरगाव बंदरातून जपानकडे जाऊ लागले, त्याला आता कित्येक दशके लोटली. पुढे १९६० साली भारत सरकार आणि जपानी पोलाद गिरण्या यांच्यात करार झाला. त्या करारान्वये आपल्या बस्तरमधील बैलाडिलाचे खनिज १९६८ पासून विशाखापट्टणमच्या वाटेने जपानी भट्ट्यांकडे रवाना होऊ लागले. त्या गिरण्यांपैकी एक अग्रगण्य गिरणी याच शहरातील यावाताची.

म्हणून पाहण्याची सुरुवात यावातापासूनच करावी. तेथे हिगाशिदा भागात एक जुनी झोतभट्टी जतन करून ठेवली आहे. तिच्या माथ्यावर ‘१९०१’ हे वर्ष ठळकपणे लिहिलेले आहे. त्या वर्षी जपान सरकारच्या कारखान्याची पहिली भट्टी येथे पेटली. तंत्र जर्मन होते आणि उमेद जपानी होती. पण भट्टी काही नीट चालेना. ती बंद ठेवावी लागली, तिच्यात सुधारणा कराव्या लागल्या, आणि १९०४ साली कुठे तिचा जम बसला. आज जी भट्टी दिसते ती त्याच जागी पुढे पुन्हा बांधलेली असून ती १९७२ पर्यंत काम करीत होती. आपल्याकडे भट्टी लांबून पाहायची असते. येथे तिच्या पायथ्याशी उभे राहून मान वर करून पाहता येते. कारखान्याचे १८९९ सालचे पहिले मुख्य कार्यालयही जागतिक वारसा म्हणून २०१५ मध्ये नोंदले गेले आहे. मात्र ते चालू कारखान्याच्या आवारात असल्याने ते बाहेरूनच पाहावे लागते. मुले बरोबर असतील तर जवळच्या निसर्ग व इतिहास संग्रहालयातील डायनोसॉरांचे सांगाडे पाहिल्यावाचून ती हलणार नाहीत.

यावाताहून कोकुऱ्यास यावे. येथील किल्ला सतराव्या शतकाच्या आरंभीचा. तो १८६६ मध्ये जळाला आणि १९५९ मध्ये पुन्हा उभारला गेला. भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेही हेच वर्ष. किल्ल्याला लागून एक प्रशस्त उद्यान आहे. हिरवळीवर मुले खेळत असतात, वृद्ध मंडळी बाकांवर बसलेली असतात. पण ही भूमी म्हणजे एके काळचा दारूगोळ्याचा कारखाना. ९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसरा अणुबॉम्ब याच ठिकाणी टाकण्याचे ठरले होते. विमान कोकुऱ्यावर तीनदा येऊन गेले. ढग आणि धूर यांमुळे खालचे लक्ष्य दिसेना, तेव्हा ते नागासाकीकडे वळले. आदल्याच दिवशी यावातावर बॉम्बवर्षाव झाला होता आणि तेथील आगींचा धूर त्यात मिसळला होता, असे सांगतात. उद्यानात नागासाकीच्या मृतांचे स्मरण जपलेले आहे, आणि २०२२ पासून शांततेला वाहिलेले एक संग्रहालयही येथे आहे. आपण वाचलो म्हणून दुसरे गाव गेले, ही जाणीव उरी बाळगणारे शहर जगात विरळाच.

ज्या धुराने एक दिवस हे शहर वाचवले, त्याच धुराने पुढे त्याचा श्वास कोंडला. युद्धानंतर कारखाने पुन्हा धडधडू लागले आणि आकाशात निरनिराळ्या रंगांचे लोट उठू लागले. लोकांना त्याचा अभिमानच वाटे, कारण धूर म्हणजे भरभराट, धूर म्हणजे पगार! शहराच्या मध्यातील दोकाई उपसागरात कारखान्यांचे पाणी सोडले जाई. साठीच्या दशकात त्यात मासाच काय, साधे जंतूही जगेनासे झाले. लोक त्याला मृत्यूचा समुद्र म्हणू लागले.

याविरुद्ध पहिला आवाज उठवला तो तोबाताच्या गृहिणींनी. दांडीवर वाळत घातलेले धुणे काळे होते, ही त्यांची तक्रार. १९५० च्या सुमारास एका वस्तीतील महिला मंडळाने वीजकेंद्राच्या काजळीचा प्रश्न हाती घेऊन तो तडीस नेला. पुढे तोबाताच्या महिला मंडळांनी कपडे किती काळवंडतात याच्या नोंदी ठेवल्या, धूळ गोळा करून मोजली, शाळेतील मुलांची गैरहजेरी आणि हवेचा दोष यांचा मेळ घालून पाहिला, आणि १९६५ साली ‘आम्हांला निळे आकाश हवे’ या अर्थाच्या नावाचा एक छोटा चित्रपटही स्वतःच तयार केला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यांतील कित्येकींचे पती त्याच कारखान्यांत नोकरीला होते. ज्या धुराड्यावर घरची चूल पेटते, त्या धुराड्याला जाब विचारणे किती अवघड असते, हे पोलादनगरीतल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच त्यांनी आरडाओरडीपेक्षा वहीतल्या आकड्यांवर भिस्त ठेवली असावी.

त्याचा परिणाम झाला. १९७१ मध्ये नगरपालिकेने प्रदूषणासाठी स्वतंत्र विभाग उघडला, कारखान्यांशी करार केले. १९७४-७५ मध्ये दोकाईच्या तळाचा पारामिश्रित गाळ उपसून काढण्यात आला आणि त्या खर्चाचा मोठा वाटा कारखान्यांनी उचलला. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या शहराचा गौरव केला. अर्थात या चित्राला दुसरी बाजूही आहे. पोलादाचे काम तोबाताकडे आजही चालते, पण पूर्वीइतके हात त्याला लागत नाहीत. एके काळी दहा लाखांवर गेलेली लोकवस्ती घटली आहे. निळे आकाश मिळवणे आणि तरुणांना गावात काम मिळवून देणे, ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले साधले म्हणून दुसरे आपोआप साधत नाही.

हा इतिहास डोळ्यांनी पाहायचा असेल तर तोबाताहून वाकामात्सूला जाणाऱ्या लहान बोटीत बसावे. दोकाई ओलांडायला तिला जेमतेम तीन मिनिटे लागतात. डोक्यावर १९६२ सालचा वाकातो हा तांबडा झुलता पूल, दोन्ही तीरांवर कारखाने, आणि खाली पुन्हा जिवंत झालेले पाणी. जुलैत गेलात तर तोबाताच्या गिओन उत्सवात रात्री खांद्यांवरून निघणारे कंदिलांचे बारा थरांचे मनोरे पाहायला मिळतात, आणि कोकुऱ्यात ढोल घुमत असतो. पुण्याच्या गणपतीची आठवण मराठी माणसाला झाली नाही तरच नवल!

एक दिवस मोजी बंदरासाठी राखावा. तेथील १९१४ सालचे लाकडी रेल्वे स्थानक आजही वापरात आहे, आणि ज्या क्लबात डिसेंबर १९२२ मध्ये आइनस्टाइन उतरले होते ती इमारतही आहे. भूक लागली की येथील प्रसिद्ध ‘याकी-करी’ मागवावी. भात, त्यावर करी, त्यावर चीज, आणि हे सगळे भट्टीत भाजलेले. करी आपली, पण इतकी दूर येऊन तिने कोणते रूप घेतले ते चाखून पाहण्याजोगे आहे. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारून घ्यावे. जेवण शतपावलीने जिरवायचे असेल तर १९५८ मध्ये खुला झालेला ७८० मीटरांचा भुयारी मार्ग आहे. डोक्यावर समुद्र आणि जहाजे, आणि आपण पायी चालत क्यूशूहून होन्शू बेटावर!

शेवटच्या संध्याकाळी ६२२ मीटर उंचीच्या साराकुरा डोंगरावर जावे. वर जायला दोरखंडाने ओढली जाणारी गाडी आहे. सूर्यास्ताच्या थोडे आधीच पोहोचावे, म्हणजे आधी उपसागर, पूल आणि धुराडी स्पष्ट दिसतात आणि मग एकेक करून दिवे लागतात. खाली तोबाता कोठे ते कोणाला तरी विचारून घ्यावे, आणि घटकाभर त्या बाजूला पाहत उभे राहावे. गरम कपडे मात्र विसरू नयेत. वर वारा फार असतो.