पंधरा जणी आणि एक घाणा
(गणेशोत्सवातील भाषण)



आज आम्ही एक घरगुती गणित मांडणार आहोत. मोदकांचा एक घाणा उकडायला पंधरा मिनिटं लागतात. चुलीपुढे पंधरा जणी उभ्या केल्या म्हणून तो एका मिनिटात होत नाही. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. साहेबलोकांना मात्र पटत नाही.

आपली मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला कॉम्प्युटरच्या कामावर आहेत. घरोघरी ऐकू येणारी गोष्ट एकच. साहेब विचारतात, "किती माणसं, किती दिवस?" मुलगी सांगते, "सहा माणसं, सहा महिने." साहेब म्हणतात, "गिऱ्हाइकाला चार माणसं, तीन महिने सांगून बसलोय!" म्हणजे मुहूर्त ठरला, पत्रिका छापल्या, आता स्थळ शोधा. काम रेंगाळलं की आणखी पाच जण पाठवतात, आणि त्यांना शिकवण्यात जुन्यांचे दिवस जातात.

आयबीएममधल्या एका अवाढव्य कामाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली पुस्तकात हेच मांडलं: रखडलेल्या कामात माणसं वाढवली की ते जास्तच रखडतं. कारण पाच जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या १०, दहा जणांत ४५. आपण त्याला बारभाईंचा कारभार म्हणतो.

आपली बीदर–कलबुर्गी रेल्वे आठवा. लांबी सुमारे ११० किलोमीटर. मंजुरीपासून २९ ऑक्टोबर २०१७ च्या उद्घाटनापर्यंत वीसएक वर्षं गेली. नुसती माणसं मोजून रूळ पुढे सरकत नाहीत. जमीन, पैसा, बोगदा, सगळं आपापल्या क्रमानंच येतं.

हसलात, बरं वाटलं. पण कागदावर कापलेले तीन महिने कुठे नाहीसे होत नाहीत. ते मुलांच्या झोपेतून आणि सणाच्या रजेतून वसूल होतात. आज या मंडपात कितीतरी आईवडिलांशेजारची खुर्ची रिकामी आहे.

आणि आपण तरी काय करतो? महाप्रसादाला पाचशे पानं, वाढपी आठ. "होऊन जाईल हो!" मग त्याच आठ जणांचे गुडघे. पुढच्या वर्षी आचाऱ्याला आणि वाढप्यांना आधी विचारू, मगच पत्रिकेवर वेळ छापू.

आणि मुलाचा "यंदा जमत नाही" असा फोन आला, तर "एवढं काय काम असतं रे?" असं म्हणू नका. विचारा, "किती दिवसांचं काम किती दिवसांत मागितलंय, बाळा?"

गणपती बाप्पा मोरया!