ग्योतोकु ते सांगली: फोटो पोचतो कसा?

तोक्योहून तोझाई मेट्रोने पूर्वेकडे निघालं की निशी-कासाईनंतर थोड्याच वेळात ग्योतोकु येतं. एके काळी इथे मिठागरं होती. आता या मार्गावर सॉफ्टवेअरमधली बरीच भारतीय कुटुंबं राहतात, त्यांत मराठीही. समजा, अशाच एका घरातून नातीचा फोटो सांगलीला आजीकडे निघाला.

तो अखंड जात नाही. तीस लाख बाइटांच्या फोटोचे दीड-दीड हजार बाइटांचे दोन हजारांवर तुकडे होतात. हीच पॅकेटं. जाडजूड पोथीची पानं सुटी करून, क्रमांक घालून, एकेक वेगळ्या लिफाफ्यातून धाडावं, तसं. वाटेतल्या राउटरला ना आजी ठाऊक, ना फोटो. पत्ता बघायचा आणि पुढच्या राउटरकडे ढकलायचं. गर्दी झाली तर तो पॅकेट खुशाल टाकून देतो, बहुधा कुणाला न सांगता!

मला कौतुक वाटतं ते इथेच. संगणकतज्ज्ञ व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली मांडलेल्या, संगणकांची जाळी जोडण्याच्या योजनेत वाटेवर भरवसा ठेवलेलाच नाही. जबाबदारी दोन टोकांच्या यंत्रांची. घेणारं यंत्र पोच देतं. पोच आली नाही की पाठवणारं तेच पॅकेट पुन्हा धाडतं. फोटो मध्ये निरोप पोचवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर थांबला, तरी दोन्ही टप्प्यांना नियम हाच.

कधी वाटच तुटते. २६ डिसेंबर २००६ला तैवानजवळ भूकंप झाला आणि समुद्रतळाच्या अनेक केबली तुटल्या. दुरुस्तीला आठवडे लागले. तोवर वाहतूक उरलेल्या केबलींवरून वळवली. वेग मंदावला, पण जाळं पुरतं कोलमडलं नाही.

व्हिडिओ कॉलचा न्याय मात्र निराळा. तिथे हरवलेलं पॅकेट सहसा परत मागवत नाहीत. उशिरा आलेला शब्द घेऊन आजी काय करणार? म्हणून चित्र क्षणभर फाटतं, बोलणं चालू राहतं.

राहिला विलंब. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तोक्योहून सिंगापूरला वळसा घालून मुंबईपर्यंतची सागरी वाट दहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यात सेकंदाचा दहावा भाग गेला. त्यात राउटर, वायफाय आणि आवाजाची बांधाबांध यांचा वेळ मिळवा. मग आजी आणि नात एकदम ‘हॅलो’ म्हणतात, एकदम थांबतात, आणि ‘तू बोल, तू बोल’ सुरू होतं.