रफींचा गळा आणि रफींचे गाणे

रामनवमीला, गुरुपौर्णिमेला किंवा दसऱ्याला तुम्ही शिर्डीला गेला असाल, तर एक गाणं तुमच्या कानांवर पडलंच असेल. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातली ती साईबाबांची कव्वाली. शब्द आनंद बक्षींचे, चाल लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची आणि गळा महंमद रफींचा. रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले. गाणं मात्र मागे राहिलं आणि ‘हुबेहूब रफी’ म्हणवणारे गायक गावोगावच्या मांडवांत उभे राहिले. त्यांचं गाणं मूळ गाण्याशी कसं ताडून पाहावं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

मुळात हा सामना बरोबरीचा नव्हे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी बंद खोली असते, मायक्रोफोन तोंडाशी असतो, आणि मनासारखं झालं नाही तर पुन्हा गाता येतं. मांडवातल्या गायकाला कर्ण्यातून निघालेला स्वतःचाच आवाज समोरच्या भिंतीवर आपटून उशिरा ऐकू येतो, ढोलकवाला रंगात येऊन लय वाढवतो, आणि त्या रात्रीचं ते त्याचं कदाचित विसावं गाणं असतं. अशा वेळी त्यानं पट्टी थोडी खाली घेतली तर त्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही. पोटासाठी रोज गाणाऱ्यानं गळा जपायलाच हवा.

खरी अडचण निराळीच आहे. रफींचा आवाज म्हणजे नेमका कोणता? जॉनी वॉकरसाठी ते गात तेव्हा गळ्यात मिस्किलपणा येई, शम्मी कपूरसाठी उसळी येई, दिलीपकुमारसाठी तोच गळा गंभीर होई. या कव्वालीत तर पडद्यावर तरुण ऋषी कपूर आहेत आणि गाणारे रफी पन्नाशी ओलांडलेले. गळ्याला वजन आलेलं, पण शब्दांची फेक विशीतल्या पोराची! नक्कल करणारा यातलं काय उचलतो, तर किंचित नाकातला सूर, शेवटचा कंप, एखादी हरकत. म्हणजे अंगरखा उचलतो आणि माणूस तिथंच राहतो.

ताल सुरू होण्याआधी रफी एक शेर संथपणे म्हणतात, तो भाग मुद्दाम ऐका. तिथं ठेक्याचा आधार नाही, टाळ्यांचा आडोसा नाही. पुष्कळ गायक तो घाईनं उरकतात, कारण लोक ठेक्याची वाट पाहत असतात. वरच्या सुरांचंही तसंच. तिथं रफींचा आवाज रुंद होत जातो, नकलाकाराचा बहुधा अरुंद होतो, आणि ती उणीव भरून काढायला तो ओरडतो.

हे कायमचं व्यंग आहे असं मात्र नाही. ऑर्केस्ट्रात रफींची गाणी गाणाऱ्या शब्बीरकुमारांना १९८३ साली ‘कुली’मध्ये याच दिग्दर्शकानं आणि याच संगीतकारांनी अमिताभ बच्चन यांचा आवाज दिला. पुढं त्यांनी पुष्कळ गाणी गायिली. पण लोकांनी त्यांच्यात सदैव रफीच शोधले, हा त्यांच्यावर अन्यायच म्हणायचा.

आपल्याकडे कुमार गंधर्वांनी दुसरी वाट दाखवली होती. बालगंधर्वांची पदं गाण्याच्या कार्यक्रमाला त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असं नाव दिलं. गळा कुमारांचाच, आणि नावातच सगळा खुलासा! मांडवातल्या एखाद्या गुणी गायकानं ‘हुबेहूब’ हा शब्द फलकावरून पुसला, तर त्याचा स्वतःचा गळा ऐकायला मी आनंदानं जाईन.

शिर्डीत मात्र एक गंमत होते. गाणं द्रुत लयीत शिरलं की सारा मांडव टाळ्या धरून गाऊ लागतो, आणि मग कोणाचाच गळा वेगळा ऐकू येत नाही. तुलना करायचीच असेल, तर ती त्याआधी उरकून घ्यावी.